क्रिटा, क्लिप स्टुडिओ की प्रोक्रिएट? पर्स्पेक्टिव्ह शिकण्यासाठी तिघांची वाशी-बेलापूरच्या चित्रांवर परीक्षा

निकाल आधी, कारणं मागाहून. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवायची पद्धत, शिकायचं असेल तर चित्रं काढायच्या या तीन सॉफ्टवेअरपैकी क्रिटा घ्या. पर्स्पेक्टिव्ह येतंच आणि कॉमिकची पानं वेळेत द्यायची आहेत, तर क्लिप स्टुडिओ पेंट. घरात आयपॅड आधीपासून असेल तर प्रोक्रिएट वाईट नाही, पण केवळ पर्स्पेक्टिव्हसाठी आयपॅड घ्यायला निघाला असाल तर जरा थांबा.

तिन्ही सॉफ्टवेअर एक काम चोख करतात: तुमची वाकडी रेष सरळ करून व्हॅनिशिंग पॉइंटकडे, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे मिळतात त्या बिंदूकडे नेतात. तो पॉइंट कुठे असायला हवा, ते मात्र एकही सांगत नाही. आणि नवशिक्याचं चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच. रेष वाकडी आली म्हणून फार क्वचित. ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर घेऊन काढताना पॉइंट कागदाबाहेर गेला की टेबलावर चिकटपट्टी लावून खूण करावी लागते. काम कटकटीचं आहे, पण पॉइंट किती लांब आहे ते डोक्यात पक्कं बसतं. पडद्यावर तेच काम एका टिचकीत होतं, आणि टिचकी साहजिकच जिथे जागा दिसते तिथे, म्हणजे कॅनव्हासच्या आत पडते. म्हणून इथे तिघांना एकाच प्रश्नावर तपासलं आहे: पॉइंट योग्य जागी ठेवणं, तो बदलणं आणि हवे तितके वाढवणं किती सोपं आहे? ब्रश, रंग, टेक्स्चर यांचा विचार केलेला नाही.

परीक्षेसाठी विषय जवळपासचेच घेतले. एका पॉइंटसाठी वाशी स्टेशनचा फलाट, दोन पॉइंट आणि उतरत्या छपरांसाठी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, लंबगोलांसाठी नवी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाचा घुमट आणि तीन पॉइंटसाठी ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा कुठलाही उंच टॉवर.

आधी पॉइंटचा हिशेब

हे न करता कुठलंही सॉफ्टवेअर उघडलं तरी फरक पडत नाही, म्हणून आधी हे. कॅनव्हास ३००० बाय २००० पिक्सेलचा, आडवा धरू. चित्राच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत डोळ्याला ६० अंशांचा कोन पडतो असं ठरवू. त्याहून जास्त कोन घेतला की कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसू लागतात. मग डोळा चित्रापासून किती लांब? अर्धी रुंदी १५००, भागिले ३० अंशांचा टॅन; उत्तर सुमारे २६०० पिक्सेल. पुढचा सगळा हिशेब या २६०० वर चालतो.

खोका तुमच्याकडे बरोबर ४५ अंशांत वळलेला असेल तर दोन्ही पॉइंट मध्यापासून २६०० पिक्सेलवर, म्हणजे प्रत्येक बाजूला कॅनव्हासच्या ११०० पिक्सेल बाहेर. खोका ३०-६० असा वळला असेल तर एक पॉइंट मध्यापासून १५०० वर, म्हणजे नेमका कॅनव्हासच्या कडेवर, आणि दुसरा ४५०० वर, म्हणजे कॅनव्हासच्या पुऱ्या एका रुंदीइतका बाहेर. ही दुसरी मांडणी पाठच करून टाका. ती कुठल्याही मापाच्या कॅनव्हासला लागू पडते, आकडेमोड लागत नाही, आणि ४५ अंशांच्या साचेबंद चित्रापेक्षा कितीतरी बरी दिसते.

नियम असा की मध्यापासूनच्या दोन अंतरांचा गुणाकार कायम तोच येतो: २६०० गुणिले २६००, म्हणजे ६७ लाख ६० हजार. १५०० गुणिले ४५०० करून पाहा, जवळपास तेवढाच येईल. त्याच चित्रात शेजारचं घर थोडं वेगळं वळलेलं असेल आणि त्याचा एक पॉइंट तुम्ही २००० वर ठेवलात, तर दुसरा ३३८० वरच हवा. तो अंदाजाने कुठेही टाकला तर ते घर चौकोनी न दिसता पाचरीसारखं दिसतं, आणि काय चुकलं ते रेषा कितीही तपासल्या तरी सापडत नाही, कारण रेषा बरोबरच असतात.

दोन्ही पॉइंट कॅनव्हासच्या दोन कडांवर टाकले तर काय होतं? डोळा चित्रापासून जास्तीत जास्त १५०० पिक्सेलवर येतो, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत ९० अंश. खोक्याचा पुढचा कोपरा टोकदार होऊन अंगावर येतो. तपासणी सोपी आहे: दोन पॉइंटांमधलं अंतर व्यास धरून एक वर्तुळ काढा. जमिनीवरचा जो काटकोनी कोपरा त्या वर्तुळाबाहेर जाईल, तो चित्रात ९० अंशांपेक्षा कमी दिसेल आणि खटकेल. सगळे कोपरे वर्तुळात ठेवा. या वर्तुळासाठी एक वेगळा लेयर कायम ठेवायला हरकत नाही.

क्रिटा

फुकट आहे, खुल्या स्रोताचं आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. अधिकृत वेबसाइटवरून एक पैसा न देता उतरवता येतं. स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर पैसे घेतात ते प्रकल्पाला हातभार म्हणून, सॉफ्टवेअर तेच. अँड्रॉइड टॅबलेटवरही मिळतं, पण सगळी बटणं डेस्कटॉपच्या मापाची, बोटाला बारीक पडतात. आयपॅडवर नाही.

टूलबॉक्समधून असिस्टंट टूल (रेषेला दिशा देणाऱ्या आखण्या टाकायचं साधन) घ्या, टूल ऑप्शन्समध्ये प्रकार म्हणून व्हॅनिशिंग पॉइंट निवडा, कॅनव्हास लहान करून भोवतीच्या करड्या जागेत हवं तिथे टिचकी मारा. मग ब्रश घेऊन त्याच्या टूल ऑप्शन्समध्ये ‘स्नॅप टू असिस्टंट्स’वर खूण करा. ही शेवटची पायरी बहुतेकांची राहते. असिस्टंट दिसतो, रेष मात्र तिकडे जात नाही, आणि सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटतं. टूल ऑप्शन्सची चौकट दिसतच नसेल तर सेटिंग्ज मेनूतल्या डॉकर्समधून ती उघडायची. खाली मॅग्नेटिझमचा आकडा असतो. शिकताना तो पूर्ण ठेवा, सवय झाल्यावर कमी करा, म्हणजे रेषेत हाताचा थोडा कंप राहतो आणि चित्र छापील दिसत नाही.

दुसरा नेहमीचा घोळ उभ्या रेषांचा. फक्त दोन व्हॅनिशिंग पॉइंट टाकले असतील तर स्नॅप चालू असताना भिंतीची उभी रेषसुद्धा एका पॉइंटकडे खेचली जाते. उपाय म्हणजे एक पॅरलल रूलर उभा टाकणे, दोन टिचक्या बरोबर एकाखाली एक. क्षितिजासाठी, म्हणजे डोळ्याच्या पातळीवरच्या आडव्या रेषेसाठी, इन्फिनिट रूलर. ‘स्नॅप सिंगल’ चालू असेल तर एक रेष काढताना मध्येच दुसऱ्या असिस्टंटकडे उडी मारली जात नाही. प्रत्येक असिस्टंटजवळ छोटी चिन्हं असतात: हलवा, स्नॅप बंद-चालू, पुसा. पॉइंट पाच-सहा झाले की नको ते बंद करत जाणं भाग पडतं, नाहीतर ब्रशला कुठे जायचं ते कळत नाही आणि तो तिसरीकडेच जातो. प्रत्येकाला वेगळा रंग देता येतो; एका घराचे दोन्ही पॉइंट एका रंगात ठेवले की डोकं शांत राहतं. पूर्ण संच फाइल म्हणून जतन करता येतो, म्हणजे वर सांगितलेली ३०-६० ची मांडणी एकदा करून ठेवली की पुढच्या प्रत्येक सरावाला तीच उघडायची.

क्रिटाची खरी ताकद म्हणजे पॉइंट कितीही टाका, कुठेही टाका, अडवणूक नाही. हे का महत्त्वाचं, ते वाशीच्या फलाटावर कळतं.

वाशी स्टेशन १९९२ मध्ये सुरू झालं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने बांधलेली स्टेशनं असल्याने फलाट रुंद आणि खांबांच्या रांगा सरळ, एका पॉइंटच्या चित्राला याहून चांगला विषय नाही. फलाटाच्या मधोमध उभं राहून रुळांच्या दिशेने पाहायचं, एकच पॉइंट, तोही कॅनव्हासच्या आत. सोपं वाटतं. पण खांब समान अंतरावर आहेत ते चित्रात कसे दाखवायचे? नवशिका अंदाजाने ‘जवळ जवळ येत जाणारे’ खांब टाकतो आणि चौथ्या-पाचव्या खांबाशी ताल चुकतो.

पद्धत अशी. पहिले दोन खांब काढा. दोन्हींच्या मध्यावरून पॉइंटकडे जाणारी रेष काढा. आता पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यबिंदूतून तिरकी रेष खाली न्या. ती खांबांच्या तळरेषेला जिथे टेकते, तिथे तिसरा खांब. तसंच पुढे चौथा. पण सातव्या-आठव्या खांबापर्यंत आधीच्या बारीक चुका साठत जातात. मग युक्ती: दोन खांबांमधल्या चौकोनाचा, पहिल्याच्या तळापासून दुसऱ्याच्या माथ्याकडे जाणारा कर्ण वाढवा. तो मुख्य पॉइंटमधून जाणाऱ्या उभ्या रेषेला जिथे छेदतो, तिथे आणखी एक व्हॅनिशिंग पॉइंट टाका. सगळे कर्ण एकमेकांना समांतर असल्यामुळे ते याच पॉइंटकडे जाणार. आता प्रत्येक खांबाच्या तळापासून या पॉइंटकडे रेष काढायची, माथ्याची रेष जिथे छेदली तिथे पुढचा खांब. चूक साठत नाही. फ्लॉरेन्सच्या आल्बेर्ती या वास्तुकाराने १४३५ मध्ये फरश्या बरोबर पडल्या की नाही ते पाहायला कर्णच वापरायला सांगितला होता. सहाशे वर्षांत यापेक्षा सोपं काही निघालेलं नाही.

याच फलाटावर मापाची एक झकास तपासणी करता येते. ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. लोकलच्या फलाटाची उंची रुळापासून सुमारे ९० सेंटिमीटर, त्यावर उभ्या माणसाचा डोळा दीड मीटर. म्हणजे क्षितिज रुळांच्या वर २.४ मीटरवर. १.६७६ भागिले २.४ म्हणजे ०.७. तेव्हा चित्रात कुठल्याही खोलीवर रुळापासून क्षितिजापर्यंतची उभी उंची मोजा. त्याच जागी दोन रुळांमधलं आडवं अंतर तिच्या सात-दशांश यायला हवं. पुढे मोजा, मागे मोजा, प्रमाण तेच. ते तीन-दशांशाच्या खाली गेलं असेल तर तुम्ही वाशीला माथेरानची गाडी आणली आहे; तिथले रूळ ६१० मिलिमीटरचे. आणि फलाटावर उभ्या असलेल्या सगळ्या सारख्या उंचीच्या माणसांचे डोळे क्षितिजावर, मग ती जवळची असोत की पार टोकाची. लांबची माणसं लहान म्हणून त्यांची डोकी खाली नेण्याची चूक इतकी सर्रास आहे की चित्र पाहताना आधी तीच शोधावी.

आर्टिस्ट व्हिलेजची छपरं

वास्तुकार चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वस्ती: सात-सात घरांचे समूह, प्रत्येक समूहाच्या मधे साधारण ८ बाय ८ मीटरचा चौक, उतरती छपरं. पुढे बऱ्याच घरांची रूपं मालकांनी बदलली, पण उतरत्या छपरांची घरं अजून सापडतात. उताराचं छप्पर हे नवशिक्याचं हमखास फसण्याचं ठिकाण. भिंती दोन पॉइंटांना नेल्या, आता छपराची तिरकी कड कुठे न्यायची? बहुतेक जण ती डोळ्याने टाकतात, आणि पुढचं-मागचं छप्पर एकमेकांशी जुळत नाही.

उतार ज्या दिशेने चढतो त्या दिशेच्या पॉइंटच्या सरळ वर उताराचा पॉइंट असतो. किती वर? डोळ्यापासून त्या पॉइंटपर्यंतचं अंतर गुणिले उताराच्या कोनाचा टॅन. आपल्या मांडणीत जवळचा पॉइंट मध्यापासून १५०० वर, डोळा २६०० वर. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजे डोळ्यापासून पॉइंटपर्यंतचं अंतर, ३०००. छप्पर ३० अंशांचं असेल तर ३००० गुणिले ०.५७७, म्हणजे १७३० पिक्सेल वर. दुसरा, उतरता पाख त्याच पॉइंटच्या तेवढाच खाली. शिखराची जागा मात्र भिंतीच्या मध्यावर डोळ्याने ठरवू नका. त्रिकोणी भिंतीखालच्या चौकोनाचे कर्ण काढा, ते जिथे छेदतात तिथून उभी रेष वर न्या.

क्रिटामध्ये अशा प्रत्येक पॉइंटला एक टिचकी लागते. एका घराचे चार पॉइंट, शेजारच्या वळलेल्या समूहाचे आणखी चार. पण असिस्टंट लेयरला नव्हे, पूर्ण फाइलला जोडलेले असतात, ही क्रिटाची मोठी अडचण. आठ पॉइंटांच्या रेषांचं जाळं पडद्यावर एकदम दिसतं आणि एकेक बंद करत बसावं लागतं. लेयर बदलला की रूलर आपोआप बदलेल ही सोय इथे नाही.

क्लिप स्टुडिओ पेंट

ती सोय इथे आहे, आणि उत्तम आहे. जपानच्या सेल्सिसचं हे सॉफ्टवेअर. विंडोज-मॅकवर एकरकमी परवाना घेता येतो, आयपॅडवर मात्र वर्गणी. लेयर मेनूतून रूलर-फ्रेम, तिथून क्रिएट पर्स्पेक्टिव्ह रूलर; एक, दोन की तीन पॉइंट ते निवडा. रूलर लेयरला चिकटून राहतो. तो सगळ्या लेयरवर दिसावा, त्याच फोल्डरमध्ये दिसावा की फक्त तो लेयर निवडल्यावर, हे ठरवता येतं. प्रत्येक घराला एक फोल्डर, फोल्डरमध्ये त्याचा रूलर; घर बदललं की पॉइंट आपोआप बदलले. आर्टिस्ट व्हिलेजसारखी वस्ती काढायला याहून सुटसुटीत काही नाही. दोन पॉइंटच्या रूलरमध्ये उभ्या रेषा आपोआप उभ्याच राहतात, वेगळा रूलर टाकावा लागत नाही.

ऑब्जेक्ट टूलने पॉइंट, क्षितिज आणि मार्गरेषा ओढता येतात. ‘फिक्स आय लेव्हल’ चालू ठेवाच. ते बंद असेल तर एक पॉइंट हलवताना क्षितिज कलतं आणि ते बराच वेळ लक्षात येत नाही. रेष रूलर मानत नसेल तर कंट्रोल आणि २ दाबून स्पेशल रूलरचं स्नॅप चालू आहे का पाहा. जांभळा रूलर म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद. छपराच्या उतारासाठी त्याच रूलरमध्ये पॉइंट क्षितिजाबाहेर ओढण्याची खटपट करू नका. वेगळ्या लेयरवर एका पॉइंटचा नवा रूलर करा आणि तो १७३० वर नेऊन ठेवा.

मग शिकण्यासाठी हे दुसऱ्या क्रमांकावर का? कारण ते फार मदत करतं. पर्स्पेक्टिव्ह ग्रिड चालू केली की खोलीतले समान भाग आयते मिळतात. खांब मोजून टाकायचे, कर्णाशी गाठच पडत नाही. थ्रीडी ठोकळा कॅनव्हासवर ठेवला, कॅमेरा फिरवला, की त्याच्याशी जुळणारा रूलर लेयरसोबतच येतो. ईएक्स आवृत्तीत तर थ्रीडी मॉडेलच्या थेट रेषा काढून घेता येतात. आठवड्याला पानं देणाऱ्या माणसासाठी ही सोन्यासारखी सोय आहे. पण इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची घनभूमिती करत असलेल्या किंवा आर्किटेक्चरच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलाला परीक्षेत कोरा कागद मिळतो, ग्रिड नाही. त्याने सुरुवात इथून करू नये. आधी क्रिटामध्ये कर्णाने खांब टाकता यायला हवेत. मग इथली ग्रिड खुशाल वापरावी, आणि ती चुकीची बसली असेल तर ओळखताही येईल.

प्रोक्रिएट

फक्त आयपॅडवर, एकदाच पैसे भरून मिळतं. अॅक्शन्स, कॅनव्हास, ड्रॉइंग गाइड चालू, एडिट ड्रॉइंग गाइड, पर्स्पेक्टिव्ह. टिचकी मारली की पॉइंट. चिमटीने पडदा लहान करून बाहेरही ठेवता येतो. असिस्टेड ड्रॉइंग चालू केलं, किंवा लेयरच्या मेनूतून ड्रॉइंग असिस्ट दिला, की रेषा चिकटू लागतात. शून्यापासून पहिली रेष काढायला तिघांत सर्वांत कमी वेळ इथे लागतो, आणि पेन्सिलची पडद्यावरची पकड तर निर्विवाद सुखाची.

पण एका कॅनव्हासला एकच गाइड आणि जास्तीत जास्त तीन पॉइंट. वाशीचा फलाट होतो, एकटं घर होतं, आर्टिस्ट व्हिलेजचा चौक होत नाही. दुसऱ्या घरासाठी गाइड हलवावी लागते, आणि पॉइंट बोटाने ठेवलेला असल्याने परत नेमक्या त्याच जागी आणता येत नाही. गाइड हलवण्याआधी प्रत्येक पॉइंटकडे जाणाऱ्या चार-पाच रेषा वेगळ्या लेयरवर आखून ठेवा. परत येताना त्या रेषांवर गाइड बसवता येते. पट्टी नसल्यामुळे ‘पुऱ्या एका रुंदीइतका बाहेर’ ही मांडणी इथे विशेष उपयोगी पडते, कारण ती नजरेनेच बसते.

घुमट आणि टॉवर

महापालिका मुख्यालयाचा घुमट रेषांच्या रूलरने निघत नाही, त्याला लंबगोल लागतात. घुमटाच्या प्रत्येक उंचीवरचं आडवं वर्तुळ वेगळ्या जाडीचा लंबगोल होतं: क्षितिजाजवळ चपटं, वर जाऊ तसं फुगीर. तळाचा आणि माथ्याजवळचा लंबगोल एकाच जाडीचा काढला की घुमट झाकणासारखा दिसतो. चौकोनात वर्तुळ बसवताना कर्णावरची जागा हवी असेल तर चौकोनाच्या पुढच्या कडेवर दोन्ही टोकांपासून सुमारे १५ टक्के आत खुणा करा आणि तिथून पॉइंटकडे रेषा न्या. त्या कर्णांना जिथे छेदतात तिथून वर्तुळ जातं. कडांचे चार मध्यबिंदू आणि हे चार, असे आठ बिंदू मिळाले की लंबगोल चुकत नाही. खुणा आपल्या समोर आडव्या असलेल्या, न कललेल्या कडेवरच करायच्या. खोलीत जाणाऱ्या कडेवर १५ टक्के मोजले तर चुकीचे येतील.

क्रिटाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पर्स्पेक्टिव्ह एलिप्स असिस्टंट आहे: चौकोनाचे चार कोपरे दिले की आतला लंबगोल मिळतो. या एका गोष्टीसाठीसुद्धा क्रिटा ठेवण्यासारखं आहे. क्लिप स्टुडिओत कॉन्सेन्ट्रिक सर्कलचा रूलर चपटा करून काम भागतं. प्रोक्रिएटमध्ये असिस्ट चालू असलेल्या लेयरवर गोल येतच नाही. वेगळा लेयर घ्या, लंबगोल काढून पेन्सिल दाबून धरा, तो सुबक होतो, मग चौकोनात बसवा.

टॉवरसाठी कॅनव्हास उभा करा, २००० बाय ३०००, डोळा पुन्हा २६०० वर. मान २० अंश वर केली आहे असं धरा. क्षितिज चित्राच्या मध्यापासून ९४६ पिक्सेल खाली येतं आणि उभ्या रेषांचा पॉइंट ७१४३ पिक्सेल वर, म्हणजे वरच्या कडेच्या साडेपाच हजारांहून अधिक पिक्सेल बाहेर. हा आकडा पाहून बहुतेकांना वाटतं, काहीतरी चुकलं. चुकलेलं नाही. घोडबंदरचे टॉवर चित्रात तंबू होतात, कारण तिसरा पॉइंट कॅनव्हासच्या वरच्या कडेवर ठेवलेला असतो. तपासणी अशी: तीन पॉइंटांचा त्रिकोण जोडा, प्रत्येक शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर लंब टाका. तिन्ही लंब जिथे मिळतात ती जागा कॅनव्हासच्या मध्याजवळ यायला हवी. त्रिकोणाचा एखादा कोन ९० अंश किंवा त्याहून मोठा निघाला तर असं दृश्य डोळ्याला दिसूच शकत नाही, पॉइंट हलवा. ही तपासणी तिघांतही करता येते, फक्त प्रोक्रिएटमध्ये तिसरा पॉइंट इतक्या लांब नेताना पडदा फार लहान करावा लागतो आणि बोट घसरतं.

फोटो आणि पेन

जागेवर जाऊन काढलेल्या फोटोवर पॉइंट शोधणं हा उत्तम सराव आहे, पण फोनची लेन्स लक्षात घ्या. नेहमीची मुख्य लेन्स साधारण ६५ ते ७० अंश पकडते, आपल्या ६० पेक्षा जास्त. अर्ध्या झूमची वाइड लेन्स १०० अंशांच्या पुढे जाते. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या गल्लीत सगळी दुकानं एका फोटोत मावावीत म्हणून तीच वापरली जाते, आणि मग कडेची दुकानं रबरासारखी ताणलेली येतात. त्यावरून शिकलात तर ताणच शिकाल. दुपटीच्या झूमवर दोन पावलं मागे जाऊन काढलेला फोटो सरावाला बरा. लेन्सने वाकवलेल्या रेषा फोटोच्या कडेला असतात, म्हणून पॉइंट शोधताना मधल्या भागातल्या रेषा वाढवा.

पडदा नसलेला पेन टॅबलेट वापरत असाल तर सराव सुरू करण्यापूर्वी एक काम करा. टॅबलेटवर रुपयाचं नाणं ठेवा, ते हलू न देता पेनने त्याच्या कडेने रेष फिरवा. पडद्यावर आडवा लंबगोल आला तर टॅबलेट आणि मॉनिटरचं प्रमाण जुळत नाही: टॅबलेट १६:१०, मॉनिटर १६:९ असेल तर प्रत्येक गोष्ट ११ टक्के आडवी ताणली जाते. रूलरला चिकटलेल्या रेषा यात बिघडत नाहीत, कारण त्या सॉफ्टवेअर काढतं. हाताने काढलेले लंबगोल, माणसं, झाडं बिघडतात, आणि चूक हाताची समजून महिनोन्महिने सराव होत राहतो. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये प्रमाण जुळवण्याचा पर्याय असतो, वाकॉममध्ये ‘फोर्स प्रपोर्शन्स’ या नावाने. तो चालू केला की टॅबलेटची खालची एक पट्टी निकामी होते. होऊ द्या, आणि नाणं पुन्हा फिरवून पाहा.